यशवंतराव होळकर

प्रास्ताविक

इतिहासात काही माणसे अशी होऊन जातात, की त्यांचे पराक्रम वाचताना आपला ऊर अभिमानाने भरून येतो आणि त्याच वेळी मनाला हुरहूरही लागते. इंदूरचे राज्यकर्ते यशवंतराव होळकर हे त्यांपैकी एक. केवळ पस्तीस वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. तेवढ्या काळात त्यांनी कारावास भोगला, गमावलेली दौलत परत मिळविली, पेशव्यांचा पराभव केला, दिल्लीला वेढा घातला आणि इंग्रजांना सन्मानाचा तह करावयास लावले. तरीही मराठी राज्य वाचले नाही. असे का झाले? यशवंतरावांच्या चरित्रात या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर सापडते. प्रस्तुत पाठात या सेनानीच्या व मुत्सद्द्याच्या जीवनाची ओळख करून घ्यावयाची आहे.

घराणे आणि बालपण

होळकर घराणे मूळचे नीरा नदीच्या काठच्या होळ या गावचे. या घराण्यातील मल्हारराव होळकर यांनी थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या काळात माळवा प्रांतात मराठ्यांची सत्ता रुजविली. त्यांच्यानंतर त्यांच्या सूनबाई अहिल्याबाई यांनी नर्मदाकाठच्या महेश्वर येथून सुमारे अठ्ठावीस वर्षे आदर्श राज्यकारभार केला. या काळात होळकरांच्या सैन्याची धुरा तुकोजी होळकर यांच्याकडे होती. काशीराव, मल्हारराव, यशवंतराव आणि विठोजी असे तुकोजींना चार पुत्र होते. काशीराव आणि मल्हारराव हे विवाहित पत्नीचे पुत्र होते, तर यशवंतराव आणि विठोजी हे नाटकशाळेचे पुत्र होते. त्या काळच्या समजुतीप्रमाणे या धाकट्या दोघांचा गादीवर हक्क मानला जात नसे.

यशवंतरावांचा जन्म १७७६ साली पुणे प्रांतातील वाफगाव येथे झाला. लहानपणापासून त्यांचे दिवस छावणीतच गेले. घोड्यावरची मांड पक्की आणि भाला चालविण्याचा हात तयार, अशी त्यांची ख्याती होती. मात्र ते केवळ शिपाईगडी नव्हते. त्यांना मराठी उत्तम लिहिता येत असे, फारसी समजत असे आणि हिशेबातही ते तरबेज होते. पुढे मोठ्या सैन्याचा व्यवहार सांभाळताना हे शिक्षण त्यांच्या कामी आले. बंदुकीची नळी फुटून त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. परंतु या व्यंगामुळे त्यांच्या हालचालीत अथवा उत्साहात कधी उणेपणा आला नाही.

वनवासातून गादीकडे

अहिल्याबाईंचे निधन १७९५ साली झाले. दोन वर्षांनी, ऑगस्ट १७९७ मध्ये, तुकोजीही पुण्यात मरण पावले. वडीलपुत्र काशीराव शरीराने आणि स्वभावाने दुर्बल होते. त्यांच्यापेक्षा मल्हारराव अधिक कर्तबगार असल्याने यशवंतराव व विठोजी यांनी मल्हाररावांची बाजू घेतली. घरातला हा वाद घरातच मिटला असता, तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. परंतु ग्वाल्हेरचे तरुण सरदार दौलतराव शिंदे यांनी काशीरावांचा पक्ष घेऊन त्यात हात घातला. होळकरांची दौलत आपल्या मुठीत राहावी, असा त्यांचा हेतू होता. सप्टेंबर १७९७ मध्ये शिंद्यांच्या फौजेने पुण्यातील मल्हाररावांच्या छावणीवर अचानक छापा घातला. त्या झटापटीत मल्हारराव मारले गेले. त्यांच्या पत्नीच्या पोटी पुढे खंडेराव हा पुत्र जन्मला. तोही बालवयातच शिंद्यांच्या कैदेत पडला.

यशवंतराव कसेबसे निसटले आणि आश्रयासाठी नागपूरकर भोसल्यांकडे गेले. तेथे आश्रयाऐवजी त्यांच्या वाट्याला कैद आली. काही महिन्यांनी ते तेथूनही निसटले. आता त्यांच्याजवळ ना पैसा होता, ना फौज, ना कुणा थोरामोठ्याचा आधार. खानदेशातील आणि नर्मदाकाठच्या डोंगराळ मुलखात भिल्लांनी त्यांना साथ दिली. धारच्या पवारांनी काही काळ आसरा दिला. मूठभर स्वारांनिशी त्यांनी हालचाली सुरू केल्या. हळूहळू होळकरांचे जुने शिपाई त्यांच्याभोवती जमू लागले. अमीरखान नावाचा पठाण सरदार आपल्या पथकासह त्यांना येऊन मिळाला. काशीरावांच्या पलटणींचा फ्रेंच अधिकारी द्युद्रेनेक याचा त्यांनी पराभव केला आणि पुढे त्यालाच आपल्या चाकरीत घेतले. १७९९ च्या आरंभी महेश्वर येथे यशवंतरावांनी होळकरांच्या दौलतीची सूत्रे हाती घेतली. बाल खंडेराव हाच धनी आणि आपण त्याच्या वतीने कारभार पाहणारे, अशी भूमिका त्यांनी त्या वेळी जाहीर केली होती.

हडपसरची लढाई

शिंदे आणि होळकर ही मराठी राज्याची उत्तरेकडील दोन बळकट बाहू. आता ते दोन्ही एकमेकांवरच उठले. त्यांच्यातील वैराचा निवाडा करण्याचे काम पेशव्यांचे होते. परंतु दुसरे बाजीराव हे चंचल आणि संशयी स्वभावाचे होते. ते शिंद्यांच्या दडपणाखालीही होते. अशातच विठोजी होळकर पेशव्यांच्या मुलखात धुमाकूळ घालताना पकडले गेले. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावांच्या आज्ञेने विठोजींना पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. एका मोठ्या सरदार घराण्यातील पुरुषाला अशी शिक्षा देणे हे केवळ क्रौर्य नव्हते, तर राजकारणातील घोर चूकही होती. या घटनेने यशवंतरावांच्या मनावर खोल घाव बसला.

जुलै १८०१ मध्ये उज्जैनजवळ यशवंतरावांनी शिंद्यांच्या कवाइती पलटणींचा मोड केला. ऑक्टोबरमध्ये शिंद्यांच्या फौजेने त्याची परतफेड केली. यशवंतरावांचा पराभव होऊन इंदूर लुटले गेले. परंतु पराभवानंतर पुन्हा उभे राहणे हा यशवंतरावांचा गुणच होता. सैन्याची जमवाजमव करून १८०२ साली ते दक्षिणेत उतरले. खंडेरावाची मुक्तता करावी, होळकरांची जप्त केलेली दौलत परत द्यावी आणि शिंद्यांना आवरावे, एवढे त्यांचे मागणे होते. पेशव्यांनी वेळकाढूपणा केला. अखेर २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, पुण्याजवळ हडपसर येथे पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त फौजेशी यशवंतरावांची गाठ पडली.

लढाईच्या पहिल्या प्रहरात शिंद्यांच्या तोफखान्यापुढे होळकरांचे घोडदळ मागे हटू लागले. ते पाहून यशवंतराव स्वतः पुढे झाले. पाठ फिरविणाऱ्या स्वारांना त्यांनी आवेशाने परतविले आणि सरळ तोफांवर घोडे घातले. दुपारपर्यंत लढाईचा निकाल लागला. शिंद्यांच्या तोफा यशवंतरावांच्या हाती पडल्या आणि बाजीरावांनी पुणे सोडले.

विजयानंतर शहर लुटले जाऊ नये म्हणून यशवंतरावांनी आरंभी चौक्यापहारे बसविले. बाजीरावांनी परत यावे, यासाठी निरोपही धाडले. पुण्यातील इंग्रज वकिलाचीही त्यांनी भेट घेतली. परंतु बाजीरावांचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. ते कोकणात उतरून समुद्रमार्गे वसईस गेले आणि इंग्रजांना शरण गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथे झालेल्या तहान्वये पेशव्यांनी इंग्रजांची सहा हजारांची तैनाती फौज स्वीकारली. त्या फौजेच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. इंग्रजांच्या संमतीवाचून कोणत्याही सत्तेशी व्यवहार न करण्याचेही त्यांनी मान्य केले. मराठी राज्याचे स्वातंत्र्य त्या दिवशी कागदोपत्री संपल्यासारखेच झाले.

अशा रीतीने यशवंतरावांच्या सर्वांत मोठ्या विजयाने त्यांच्याच राज्याचा सर्वांत मोठा तोटा केला. पुढे सैन्याचा पगार भागविण्यासाठी त्यांनी पुणेकरांकडून सक्तीने पैसा वसूल केला. त्यामुळे लोकांची सहानुभूतीही त्यांनी गमावली. बाजीरावांचे दत्तक बंधू अमृतराव यांच्या हाती कारभार देण्याचा त्यांचा प्रयत्नही टिकला नाही. १८०३ च्या आरंभी ते पुणे सोडून निघाले आणि मे महिन्यात जनरल आर्थर वेलस्ली याने बाजीरावांना इंग्रजी पहाऱ्यात पुन्हा गादीवर बसविले.

दूर राहण्याची चूक

वसईचा तह शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना मान्य नव्हता. ऑगस्ट १८०३ मध्ये त्यांचे इंग्रजांशी युद्ध सुरू झाले. यशवंतराव त्यांना येऊन मिळाले असते, तर तिन्ही फौजांचे बळ एकवटले असते. तसे प्रयत्नही झाले. परंतु ज्या दौलतरावांनी आपल्या भावाचा बळी घेतला आणि आपली राजधानी लुटली, त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढण्यास यशवंतरावांचे मन धजेना. दौलतरावांनाही त्यांचा भरवसा वाटत नव्हता. यशवंतराव माळव्यात स्वस्थ बसून राहिले.

अवघ्या पाच महिन्यांत सारे संपले. दक्षिणेत असई आणि आडगाव येथे आर्थर वेलस्लीने, तर उत्तरेत दिल्ली आणि लासवाडी येथे जनरल लेकने विजय मिळविले. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पूर्वतीरावर पटपडगंज येथे झालेल्या लढाईनंतर दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. महादजी शिंदे यांच्या काळापासून मराठ्यांच्या संरक्षणाखाली असलेला वृद्ध आणि अंध बादशहा शाहआलम आता इंग्रजांचा आश्रित झाला. डिसेंबर १८०३ मध्ये भोसल्यांनी देवगाव येथे आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगाव येथे तह केले. आता होळकर एकटे उरले होते.

इंग्रजांशी सामना

एकटे पडल्यावर यशवंतरावांना परिस्थितीचे खरे स्वरूप उमगले. आपला खरा प्रतिपक्षी शिंदे नसून इंग्रज आहे, हे त्यांनी ओळखले. आपल्या पूर्वजांचे चौथाईचे हक्क आणि दुआबातील जुना मुलूख परत मिळावा, अशी मागणी त्यांनी जनरल लेककडे केली. इंग्रजांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून आपल्या चाकरीतील तीन इंग्रज अधिकाऱ्यांना त्यांनी देहदंड दिला. त्याचबरोबर हिंदुस्थानातील राजेरजवाड्यांना व सरदारांना पत्रे पाठवून परकीयांविरुद्ध एक होण्याचे आवाहन केले. एप्रिल १८०४ मध्ये युद्धाला तोंड लागले.

शिंद्यांच्या कवाइती पलटणी समोरासमोरच्या लढाईत इंग्रजांपुढे कशा मोडल्या, हे यशवंतरावांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी मराठ्यांच्या जुन्या युद्धपद्धतीचा आधार घेतला. झपाट्याने हालचाल करावयाची, शत्रूला आत ओढून घ्यावयाचे, त्याची रसद तोडावयाची आणि तो थकल्यावर त्याच्यावर तुटून पडावयाचे, ही ती पद्धत होय. कर्नल मॉन्सन हा इंग्रज अधिकारी पाच पलटणी घेऊन मुकुंदरा खिंडीच्या पलीकडे पुढे सरसावला होता. यशवंतराव आपल्यावर चालून येत असल्याचे कळताच, जुलै १८०४ मध्ये त्याने माघार घेतली. पावसाळा ऐन भरात होता. चंबळ आणि बनास या नद्या दुथडी भरून वाहत होत्या. चिखलात रुतलेल्या तोफा इंग्रजांना टाकून द्याव्या लागल्या. होळकरांचे घोडदळ दोन्ही बाजूंनी त्यांना टोचत होते. बनास नदीच्या उतारावर मोठी चकमक झाली. ऑगस्टअखेर मॉन्सन आग्र्यास पोहोचला, तेव्हा त्याच्या तोफा गेल्या होत्या, सामानसुमान गेले होते आणि फौजेची दाणादाण उडाली होती. हिंदुस्थानात इंग्रजांची अशी नामुष्की त्यापूर्वी क्वचितच झाली होती. या बातमीने उत्तरेत सर्वत्र खळबळ उडाली.

दिल्लीच्या तटाखाली

यशवंतरावांनी मथुरा घेतली आणि ते दिल्लीकडे वळले. दिल्ली घेणे म्हणजे केवळ एक शहर जिंकणे नव्हते. बादशहाची सत्ता नाममात्र उरली असली, तरी त्याच्या शिक्क्याला देशभर मान होता. बादशहा हाती आला असता, तर इंग्रजांविरुद्धच्या युद्धाला साऱ्या हिंदुस्थानचे पाठबळ मिळण्याचा संभव होता.

८ ऑक्टोबर १८०४ रोजी होळकरांच्या फौजेने दिल्लीला वेढा दिला. पायदळ आणि तोफखाना हरनाथसिंग यांच्या हाताखाली होता. शहराचा तट जुना आणि जागोजागी ढासळलेला होता. आत इंग्रजांचे सैन्य थोडेच होते. रेसिडेंट ऑक्टरलोनी आणि कर्नल बर्न यांनी त्या तुटपुंज्या सैन्यानिशी बचावाची तयारी केली. तोफांच्या माऱ्याने तटाला भगदाडे पडली. बर्नच्या शिपायांनी बाहेर येऊन होळकरांच्या काही तोफा निकामी केल्या. १४ ऑक्टोबर रोजी लाहोरी दरवाजाच्या बाजूने शिड्या लावून तटावर चढण्याचा निकराचा प्रयत्न झाला. पण तोही परतविला गेला. इकडे जनरल लेक मोठी फौज घेऊन जवळ येत होता. वेढा अधिक काळ चालविणे धोक्याचे होते. त्या रात्रीच यशवंतरावांनी वेढा उठविला.

आज दिल्लीत अजमेरी दरवाजा उभा आहे. शहराच्या तटाचा लाहोरी दरवाजा मात्र नाहीसा झाला असून त्याचे केवळ नाव एका वस्तीला उरले आहे. या दरवाजांवरून जाणाऱ्या माणसांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की दिल्लीचे आणि पर्यायाने देशाचे भवितव्य येथे सात दिवस पणाला लागले होते.

भरतपूर ते बियास

दिल्लीनंतर यशवंतरावांनी आपले सैन्य विभागले. पायदळ आणि तोफा डीगकडे गेल्या, तर घोडदळ घेऊन ते स्वतः दुआबात शिरले. १३ नोव्हेंबर रोजी डीगजवळ त्यांच्या पायदळाचा पराभव झाला. लेकने एका रात्रीत मोठी मजल मारून १७ नोव्हेंबरच्या पहाटे फर्रुखाबादजवळ त्यांच्या निजलेल्या छावणीवर छापा घातला. यशवंतराव निसटले, परंतु घोडदळाची मोठी हानी झाली. जी युक्ती त्यांनी शत्रूवर चालविली होती, तीच शत्रूने त्यांच्यावर उलटविली.

या बिकट प्रसंगी भरतपूरचे जाट राजे रणजितसिंह यांनी त्यांना साथ दिली. भरतपूरचा किल्ला मातीच्या जाड तटाचा आणि पाण्याने भरलेल्या रुंद खंदकाचा होता. तोफांचे गोळे त्या मातीत रुतून बसत. १८०५ च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत लेकने या किल्ल्यावर चार वेळा हल्ला चढविला. चारही वेळा त्याला माघार घ्यावी लागली आणि त्याचे तीन हजारांहून अधिक लोक मारले गेले किंवा जखमी झाले. वेढा घालणाऱ्या इंग्रजांना यशवंतरावांचे घोडदळ बाहेरून सतावीत होते. परंतु दीर्घ युद्धाचा भार लहानशा राज्याला पेलवेना. एप्रिल १८०५ मध्ये भरतपूरच्या राजांनी इंग्रजांशी तह केला.

दरम्यान इंदूर, चांदवड आणि गाळणा ही होळकरांची ठाणी इंग्रजांनी घेतली होती. उत्पन्नाची साधने तुटली होती आणि फौजेचे पगार थकले होते. तरीही यशवंतरावांनी उमेद सोडली नाही. दौलतराव शिंद्यांशी बोलणी करून त्यांनी एकजुटीचा प्रयत्न केला. पण शिंद्यांची हिंमत खचली होती आणि ही एकी टिकली नाही. मग शीख सरदारांचे साहाय्य मिळेल, या आशेने ते पंजाबात गेले. अमृतसर येथे तरुण महाराजा रणजितसिंह यांची त्यांनी भेट घेतली. रणजितसिंहांचे राज्य अजून बाळसे धरत होते. इंग्रजांशी वैर घेणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी युद्धापासून अलिप्त राहण्याचे ठरविले. पाठलाग करीत लेकही बियास नदीच्या तीरावर येऊन ठेपला.

मात्र इंग्रजांनाही आता हे युद्ध नकोसे झाले होते. मॉन्सनची नामुष्की, भरतपूरचे अपयश आणि कंपनीवरील वाढते कर्ज यांमुळे गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याला परत बोलावण्यात आले होते. त्याच्या जागी कॉर्नवालिस आला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७८१ साली यॉर्कटाउन येथे ज्याने शस्त्रे खाली ठेवली, तोच हा सेनापती. हिंदुस्थानात युद्ध थांबविण्याच्या उद्देशाने तो आला होता. पण काही महिन्यांतच त्याचे निधन झाले. त्याच्यामागून आलेल्या बार्लोने तेच धोरण चालविले. २४ डिसेंबर १८०५ रोजी बियासच्या काठी राजघाट येथे तह झाला. चंबळेच्या उत्तरेकडील हक्क यशवंतरावांनी सोडले. त्यांचा बहुतेक मुलूख त्यांना परत मिळाला. पुढे टोंक-रामपुराही परत देण्यात आला. विशेष म्हणजे पेशवे, भोसले आणि शिंदे यांना मुलखाचे मोठाले लचके तोडून द्यावे लागले होते. त्या मानाने यशवंतरावांना मिळालेल्या अटी खूपच सन्मानाच्या होत्या. इंग्रजांची तैनाती फौज त्यांनी अखेरपर्यंत आपल्या राज्यात येऊ दिली नाही.

भानपुऱ्याचे दिवस

तह झाला तरी यशवंतरावांच्या मनाला स्वस्थता नव्हती. पुन्हा युद्ध होणार आणि त्या वेळी आपल्याजवळ उत्तम तोफखाना पाहिजे, असे त्यांना वाटत होते. माळव्यातील भानपुरा येथे त्यांनी तोफा ओतण्याचा कारखाना काढला. भट्टीजवळ उभे राहून ते स्वतः कारागिरांबरोबर राबत असत. फौजेची नव्याने बांधणी त्यांनी सुरू केली. नागपूरकर भोसले आणि शिंदे यांना पत्रे लिहून मागील वैर विसरण्याची विनंती केली. आपसांतील भांडणामुळेच परकीयांचा शिरकाव झाला, ही जाणीव त्या पत्रांतून स्पष्ट दिसते. हीच जाणीव १८०३ साली झाली असती तर, असा विचार वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

या काळाला एक काळी किनारही आहे. ज्याच्या नावाने दौलत मिळविली तो बालक खंडेराव आणि थोरले बंधू काशीराव या दोघांचा याच सुमारास संशयास्पद रीतीने अंत झाला. तत्कालीन लोकांनी त्याचा दोष यशवंतरावांकडे दिला. फौजेची पगारासाठीची बंडाळी, अतिश्रम, मद्यपान आणि अखंड चिंता यांचा परिणाम त्यांच्या मनावर होऊ लागला. १८०८ साली त्यांची बुद्धी भ्रमिष्ट झाली. सुमारे तीन वर्षे या अवस्थेत काढून २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुरा येथे त्यांनी देह ठेवला. तेथे त्यांची छत्री आहे.

त्यांच्या मागे अल्पवयीन पुत्र मल्हारराव यांच्या नावाने तुळसाबाई कारभार पाहू लागल्या. दरबारात पुन्हा तट पडले. अमीरखान इंग्रजांशी वेगळा करार करून टोंकचा नवाब बनला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा निर्णायक पराभव झाला. यशवंतरावांची कन्या भीमाबाई या लढाईत शौर्याने लढली. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोर येथे झालेल्या तहाने, यशवंतरावांनी जे कधी स्वीकारले नाही ते इंग्रजांचे वर्चस्व होळकरांच्या दौलतीने स्वीकारले. त्याच वर्षी पेशवाईही संपुष्टात आली.

समारोप

यशवंतरावांना हक्काने काहीच मिळाले नव्हते. जे मिळविले ते स्वतःच्या मनगटाच्या बळावर. भिल्ल, पठाण, जाट, मराठे अशा नाना लोकांना त्यांनी एका निशाणाखाली आणले. सर्व सरदारांनी तह केल्यावरही ते एकटे दोन वर्षे इंग्रजांशी झुंजले. त्यांचे दोषही मोठे होते. त्यांचा राग अनावर होता आणि त्यांच्या फौजेच्या लुटीची झळ सामान्य रयतेला बसली. परंतु त्यांचे खरे दुर्दैव वेगळे होते. भावाच्या वधाचा सूड मनात असताना त्यांना राज्याचा शत्रू दिसला नाही. आणि तो दिसला, तेव्हा सोबतीला कोणी उरले नव्हते. शौर्य, बुद्धी आणि चिकाटी असूनही परस्परांतील विश्वास नसेल, तर राज्य टिकत नाही, हाच यशवंतरावांच्या जीवनाचा बोध आहे. घर असो, गाव असो की देश असो, त्याला हा बोध सारखाच लागू पडतो.

शब्दार्थ

नाटकशाळा – विवाह न होता घरात राहणारी स्त्री
दौलत – येथे अर्थ, सरदाराचे राज्य व त्याचे उत्पन्न
कवाइती पलटण – शिस्तबद्ध युद्धशिक्षण दिलेले पायदळ
तैनाती फौज – देशी राजाच्या खर्चाने त्याच्या राज्यात ठेवलेली इंग्रजांची फौज
दुआब – गंगा व यमुना या नद्यांमधील प्रदेश
रसद – सैन्याला लागणारी अन्नसामग्री
छत्री – थोर व्यक्तीच्या स्मरणार्थ बांधलेली वास्तू

स्वाध्याय

१. नागपूरहून निसटल्यावर यशवंतरावांना कोणाकोणाची मदत मिळाली?
२. हडपसरच्या विजयाने मराठी राज्याचा तोटा झाला, असे पाठात का म्हटले आहे?
३. मॉन्सनच्या माघारीचे वर्णन आठ ते दहा ओळींत करा.
४. दिल्ली जिंकणे यशवंतरावांना महत्त्वाचे का वाटत होते?
५. १८०३ च्या युद्धात यशवंतराव अलिप्त राहिले. त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? कारणे देऊन लिहा.
६. आपसांतील वादामुळे तिसऱ्याचा लाभ झाल्याचा तुमच्या पाहण्यातील एखादा प्रसंग थोडक्यात लिहा.